रेणू पळतात, पण पोहोचत नाहीत

पाण्याला स्मृती असते, असा संदेश हल्ली घरोघरच्या मोबाइलवर फिरतो. पाठोपाठ विज्ञानाचा दाखलाही येतो: प्रत्येक रेणू सतत हालत असतो, म्हणून तो भोवतालचे शब्द, भावना, मंत्र टिपून घेतो. सोबत जपानच्या मासारू इमोतो यांनी प्रसिद्ध केलेली बर्फाच्या स्फटिकांची छायाचित्रं असतात. याच आधारावर महागडी यंत्रं आणि बाटल्या विकल्या जातात, आणि घरात कुणी आजारी असलं की माणसं त्या विकत घेतात. विज्ञानाच्या त्या दाखल्यातलं पहिलं विधान खरं आहे. रेणू हालतातच. पण ते हालतात म्हणूनच द्रवात काही टिकून राहत नाही. पाण्याच्या रेणूंची धावपळ खुणा जपत नाही, पुसते. विज्ञानाला हे उमगलं ते एका जुन्या वादातून, आणि त्या वादाचा अर्थ आजही बहुतेक ठिकाणी उलटा लावला जातो.

पदार्थ सूक्ष्म कणांचा बनलेला असतो, असं सांगणारे कणाद, ल्युक्रेशियस, डाल्टन ही नावं वाचकाला नवी नाहीत. वायूचा दाब म्हणजे भिंतींवर आदळणाऱ्या कणांचा मारा, हे डॅनिएल बर्नुलीने १७३८ साली मांडलं, पण पुढची शंभर वर्षं ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, हीच समजूत पक्की होती. हालचालीतून उष्णता निर्माण होते हे दाखवणाऱ्या जूलच्या प्रयोगांनी ती खिळखिळी केली.

या कथेतला एक महत्त्वाचा माणूस मुंबईत राहत होता, हे मात्र थांबून सांगायला हवं. जॉन जेम्स वॉटरस्टन हा स्कॉटिश गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातल्या उमेदवारांना इथे शिकवत असे. १८४५ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक निबंध पाठवला. वायूचं तापमान हे त्याच्या कणांच्या वेगाच्या वर्गाशी जोडलेलं आहे, हे त्यात होतं. परीक्षकाने तो निव्वळ मूर्खपणा ठरवला. निबंध दप्तरात पडून राहिला, तो १८९१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेच्या हाती लागला आणि पुढच्या वर्षी छापला गेला. वॉटरस्टन मात्र १८८३ मध्येच एडिंबरातल्या घरातून बाहेर पडला होता आणि परतला नव्हता.

त्यामुळे श्रेय गेलं ते जर्मन भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियसकडे. १८५७ मध्ये त्याने हिशेब मांडला, की बर्फ वितळतो त्या तापमानाला ऑक्सिजनचे रेणू सेकंदाला ४६१ मीटर वेगाने धावतात आणि हायड्रोजनचे १८४४ मीटर. पुढच्याच वर्षी हॉलंडचा हवामानशास्त्रज्ञ बाइज बॅलट याने त्याला अडवलं. वाऱ्यांच्या नियमामुळे भूगोलाच्या पुस्तकांत भेटतो, तोच हा. त्याचा प्रश्न सरळ होता. रेणू इतके वेगवान असतील, तर खोलीत तंबाखूच्या धुराचे थर इतका वेळ जागच्या जागी कसे तरंगतात? एका कोपऱ्यात सोडलेल्या क्लोरीनचा वास दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचायला मिनिटं का लागतात?

क्लॉसियसचं उत्तर सर्वश्रुत आहे: रेणू वाटेत एकमेकांवर आदळतात. विज्ञानाच्या बहुतेक इतिहासांत ही घटना सिद्धांताला मारलेलं ठिगळ म्हणून दोन ओळींत उरकली जाते. इथेच गफलत होते. टकरी मान्य केल्या त्या क्षणी वेग आणि प्रवास या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. बर्नुलीचा कण भिंतीपर्यंत सरळ जात होता, त्यामुळे तो कुठून आला हे त्याच्या दिशेवरून सांगता आलं असतं. क्लॉसियसच्या रेणूबाबत ती सोय उरली नाही. काही टकरींनंतर त्याच्या मूळ दिशेचा मागमूसही राहत नाही. म्हणूनच १८६० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने एकेका रेणूची वाट शोधणं सोडून सगळ्या गर्दीची सरासरी मोजायला घेतली. हवेतला रेणू दर सेकंदाला ८०० कोटींहून अधिक टकरी खातो, असा त्याचा अंदाज निघाला. आजचा आकडाही त्याच घरातला आहे. त्याच गणितातून निघालं, की हवा विरळ केली तरी तिचा घर्षणासारखा विरोध कमी होत नाही. हे त्याला स्वतःलाच पटेना. मग पत्नी कॅथरिनच्या मदतीने त्याने लंडनच्या घरी प्रयोग केले आणि निष्कर्ष खरा ठरला.

शाळेत उदबत्ती पेटवून रेणूंच्या वेगाचा पुरावा दिला जातो. पण अगदी निश्चल हवेत सुगंधाच्या रेणूला नुसत्या टकरी खात एक मीटर सरकायला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागेल. वास चटकन पोहोचतो, कारण खोलीतली हवाच हलते आणि त्याला वाहून नेते. बाइज बॅलटचा प्रश्न आपण मुलांना विचारूच देत नाही. चौपट वेळ दिला तर दुप्पट अंतर, हा या सरकण्याचा हिशेब आइनस्टाइनने १९०५ मध्ये मांडला आणि फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पेराँने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दाखवला.

द्रवात गर्दी कितीतरी दाट असते. पाण्याचा रेणूही सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास वेगाने हालतो, पण त्याला हलायला जागाच नसते. न ढवळलेल्या पाण्यात साखरेला एक सेंटिमीटर पसरायला दिवसभर लागतो. शेजारच्या रेणूंशी जोडणारे हायड्रोजन बंध सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या हिशेबात तुटतात आणि नव्या शेजाऱ्याशी जुळतात. मंत्राने किंवा यंत्राने पाण्यात काही रचना उमटलीच, तर ती बाटलीचं झाकण लावेपर्यंतही टिकणार नाही. इमोतो यांच्या छायाचित्रांतल्या आकारांचं कारणही माहीत आहे. तापमान आणि आर्द्रता बदलली की हिमस्फटिकाचा आकार बदलतो, हे होक्काइदोत उकिचिरो नाकाया यांनी १९३०च्या दशकातच प्रयोगशाळेत स्फटिक वाढवून दाखवलं होतं.

घन पदार्थाची गोष्ट वेगळी, पण तिथेही पूर्ण स्थैर्य नाही. १८९६ मध्ये धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट्स-ऑस्टेनने शिशाच्या दांड्याच्या तळाशी सोनं ठेवून ते तापवलं. शिसं वितळलं नाही, तरी सोनं त्यात वर चढलं. बर्फात रेणू आपापल्या जागी थरथरतात आणि क्वचितच जागा सोडतात. म्हणून अंटार्क्टिकाच्या बर्फात सुमारे आठ लाख वर्षांच्या तापमानाची नोंद सापडते. ती कुणाच्या शब्दांमुळे उमटलेली नाही. पाण्यातल्या जड आणि हलक्या समस्थानिकांचं प्रमाण बर्फ पडला त्या काळच्या थंडीनुसार बदलतं, आणि थरांमध्ये ते तसंच गोठून राहतं. तेही कायमचं नाही. अगदी खोलवरच्या थरांत रेणू हळूहळू जागा बदलत राहतात आणि शेजारच्या वर्षांमधल्या सीमा पुसट होतात. बर्फाचे ते नमुने वाचणाऱ्या शास्त्रज्ञांना या सरकण्याचा हिशेब आधी वजा करावा लागतो, मगच जुनं हवामान कळतं.