ऋण आणि शुल्क

म्हैसूर हे निवृत्तांचे शहर, असा त्याचा जुना लौकिक आहे. याच शहरात, चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी, एक पांजरपोळ आहे. दूध आटलेल्या, थकलेल्या गुरांची अखेरची वर्षे तेथे जातात. तेथे देणगी देणाऱ्याला कोणी विचारीत नाही, की म्हातारी गाय तू आपल्याच गोठ्यात का ठेवली नाहीस. उलट त्याच्या खाती पुण्य जमा होते. जन्मदात्या आईला मात्र पैसे भरून एखाद्या संस्थेत ठेवणाऱ्या मुलाची मान खाली जाते, आणि माणसांच्या संदर्भात ‘पांजरपोळ’ हा शब्द आपण कुत्सितपणेच वापरतो. गाईचे ऋण पैशाने फिटते आणि आईचे फिटत नाही, अशी यामागची धारणा असावी. ती मला मान्य आहे. परंतु जे ऋण पैशाने फिटत नाही, त्यापोटी पैसा मोजणे हेच मुळी अधर्म्य, असा निष्कर्ष तीतून निघतो काय?

या प्रश्नाला आपल्याकडे धड नावही नाही. ‘नर्सिंग होम’ म्हटले की मराठी माणसापुढे बाळंतपणाचे किंवा लहानसहान शस्त्रक्रियांचे खाजगी इस्पितळ उभे राहते. ‘वृद्धाश्रम’ म्हणावे, तर अनेक वृद्धाश्रम चालत्याफिरत्या माणसालाच प्रवेश देतात. अंथरुणाला खिळलेल्याला, स्मृती हरवलेल्याला तेथे जागा नसते. ‘आश्रम’ या शब्दात तर स्वेच्छेने घर सोडण्याचा अर्थ अभिप्रेत आहे. सुरकुत्या दिसू लागल्या, नातवाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनुस्मृतीने सांगितले. म्हणजे परंपरेच्या त्या आदर्शात वृद्धाला कोणी ‘ठेवीत’ नसे. तो आपण होऊन निघत असे.

वास्तविक परंपरेतला वृद्ध बहुधा वनात गेला नाही, माजघरातच राहिला. त्याची सेवा कोणी केली? मुलाने केली, असे आपण म्हणतो; केली सुनेने. अंथरूण बदलणे, भरवणे, रात्री चारदा उठणे, या श्रमांना मोल नव्हते म्हणूनच ते पवित्र मानले गेले, हे जरा कठोर वाटले तरी खरे आहे. २००७ च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण अधिनियमात ‘अपत्ये’ या शब्दाची व्याख्या आहे. तीत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत, सून नाही. जिने प्रत्यक्ष काम केले तिच्यावर कायद्याने जबाबदारी टाकली नाही, हे एका परीने न्याय्यच झाले. विवाहित मुलीवर मात्र ती त्यापूर्वीच आली होती. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीविरुद्ध तिच्या वडिलांनी पोटगी मागितली, तेव्हा कायदा फक्त मुलांबद्दल बोलतो, असा बचाव तिने मांडला. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये तो फेटाळला. संस्थेचे मासिक शुल्क, म्हणूनच, मला निव्वळ निष्ठुरपणाची खूण वाटत नाही. जे श्रम घरात अदृश्य होते त्यांचा पहिला प्रामाणिक हिशेब त्या पावतीत असतो.

हिशेब पुरा पडतो असे मात्र नाही. त्या अधिनियमाने निर्वाहाची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये ठेवली. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून मिळालेले वार्षिक ५ लाखांचे सरकारी संरक्षण इस्पितळातील उपचारांसाठी आहे. बरे न होणाऱ्या माणसाला रोज न्हाऊ घालण्याला उपचार म्हणत नाहीत. तो खर्च कुटुंबाचाच. मग भावंडांत वाटणी होते, आणि जो अधिक भरतो त्याचा शब्द अधिक चालतो. आईला कोणी विचारीत नाही. पैसे देणे म्हणजे निवडीचा हक्क विकत घेणे नव्हे, हे सुशिक्षित घरांतही उमजलेले दिसत नाही.

आणि निवड तरी कशाची? साताऱ्याकडची एखादी आई मुलाच्या नोकरीपायी म्हैसुरास आली आहे, असे समजू. तिची स्मृती क्षीण होत चालली आहे. मोठेपणी शिकलेली भाषा आधी निसटते आणि बाळपणीची मागे उरते, असा अनुभव शुश्रूषा करणारे सांगतात. (वाणी व श्रवण यांच्या विकारांचा अभ्यास करणारी अखिल भारतीय संस्था १९६५ पासून याच शहरात आहे.) मुलाच्या घराजवळच्या संस्थेत सेविका कन्नड बोलणार, साताऱ्यात तिची बोली मिळेल, पण मुलगा तीन महिन्यांतून एकदा येणार. मुलाचा सहवास की भाषेचा सहवास? भिंतींचा रंग, जेवणाचा तक्ता, जिन्याचे कठडे यांची पारख करून हा पेच सुटत नाही. तिला सांगता येत आहे तोवर तिलाच विचारावे; ती वेळ टळली असेल, तर जवळची संस्था निवडावी असे मला वाटते. न सांगता संध्याकाळी जाऊन उभे राहणारे कोणी नसेल, तर उत्तम शुश्रूषाही सैल पडते.

मग भाषेचे काम मुलाकडे येते. त्या सेविकेचीही एखादी आई दूर गावी कोणाच्या तरी भरवशावर असेल. तिच्यावर दुभाषाचे ओझे टाकण्याचा अधिकार शुल्काने मिळत नाही. मुलाने तिच्याजवळ बसावे, वीसएक मराठी शब्द कन्नड लिपीत लिहून खाटेजवळ लावावेत, आणि ते उच्चारून दाखवावेत: पाणी, दुखतंय, थंडी, भीती वाटते, नको. यातला ‘नको’ तिला सर्वांत आधी ओळखता यायला हवा.