द्वारकेहून परतीची वाट

गृहस्थाश्रमी मनुष्याच्या मनात एक हिशेब अखंड चालू असतो. मुलीचे लग्न उरकले, घरावरचे कर्ज फिटले, मुलगा नोकरीस लागला, की मग आपण सुखाने राहू आणि निवांतपणे देवाचे नाव घेऊ, असा तो हिशेब होय. यात पाप काही नाही. परंतु कर्ज फिटते, मुलगाही नोकरीस लागतो, आणि सुख मात्र पुढच्या मुक्कामावर जाऊन बसलेले आढळते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात, पदरी पडलेले आणि पडावयाचे यांची रात्रंदिवस मोजदाद करणाऱ्या आसुरी पुरुषाचे चित्र भगवंतांनी रेखाटले आहे. ते वाचताना आपल्या डोळ्यांपुढे कोणी दुष्ट राजा येतो. आपलीच खतावणी आठवत नाही, हे नवल होय!

सुख परिस्थितीच्या अधीन आहे काय, या प्रश्नाचा विचार करू लागलो की मला श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील दरिद्री ब्राह्मणाची कथा आठवते. त्या कथेत त्याचे नावही आलेले नाही. आपण त्याला सुदामा म्हणतो, केरळातील भाविक कुचेल म्हणतात. आणि सौराष्ट्रातील पोरबंदर ही त्याची नगरी मानून तेथे त्याचे मंदिरही बांधलेले आहे. सुदाम्याचे पोहे तर आपल्या घरोघरी म्हणीसारखे झाले आहेत. पण कथा सांगताना आपण पोह्यांवरून एकदम सोन्याच्या महालावर उडी घेतो आणि मधली वाट तशीच राहून जाते. माझ्या मते सारे मर्म त्या वाटेवर आहे.

द्वारकेत त्या ब्राह्मणाचे पाय भगवंतांनी स्वतः धुतले, त्याला आपल्या पलंगावर बसविले, गुरुगृहीच्या गोष्टी काढल्या, चिंधीतले पोहे हिसकावून घेऊन खाल्ले. दुसऱ्या दिवशी निरोप झाला. ब्राह्मणाने काही मागितले नाही, आणि हातात काही पडलेही नाही. घरी उपाशी पत्नी वाट पाहत आहे. शेजाऱ्यांकडून चार मुठी पोहे मागून आणून तिनेच त्याला पाठविलेले. आता तिला काय सांगावे? आपण असतो तर प्रत्येक पावलाला मित्राच्या कृपणपणाची आठवण करीत चाललो असतो. तो मात्र आनंदात चालला होता. माझ्यासारख्या दीनाला त्याने हृदयाशी धरले, एवढ्यावरच त्याचे मन भरून आले होते. धन मिळाले असते तर कदाचित मी उन्मत्त होऊन त्याला विसरलो असतो, म्हणून त्या दयाळूने दिले नसावे, असे तो मनाशी म्हणाला. महाल अजून दृष्टीस पडला नव्हता. कृतज्ञता आधी आली, संपत्ती मागाहून.

येथे कोणी विचारील, मग भुकेल्याला समाधानाचा उपदेश करावा काय? मुळीच करू नये. पतीला द्वारकेला जा म्हणणाऱ्या त्या साध्वीला भागवताने कोठेही दोष दिलेला नाही. आणि भगवंतांनीही मित्राला वैराग्यावर प्रवचन देऊन परत लावले नाही, त्याचे घर भरून दिले. ज्याच्या कोठारात धान्य आहे त्याने दुसऱ्याच्या रिकाम्या पोटाला संतोष शिकवावा, यासारखा दांभिकपणा नाही. संतोष हा स्वतःला शिकविण्याचा विषय आहे. दुसऱ्याला द्यावयाचे ते अन्न.

याच पोरबंदरात १८६९ साली महात्मा गांधींचा जन्म झाला. मुंबईत असताना त्यांनी दहा हजार रुपयांचा आयुर्विमा उतरविला होता. पुढे जोहान्सबर्ग येथे गीतेचा अभ्यास करताना अपरिग्रह आणि समभाव या दोन शब्दांनी त्यांचे मन व्यापून टाकले, आणि त्यांनी तो विमा सोडून दिला. कायद्याच्या अभ्यासातील विश्वस्त या शब्दाने त्यांना अपरिग्रहाचा अर्थ उलगडला : विश्वस्ताच्या हाती कोट्यवधी रुपये असले तरी त्यातील दमडीही तो आपली मानीत नाही. वाचकांनी आपापला विमा सोडावा असे माझे सांगणे नाही. माझा स्वतःचा चालूच आहे. पण पैसा हाती असणे आणि पैसा आपला असणे यांतील अंतर ओळखले, तर वाढला म्हणून चढणारा मद आणि घटला म्हणून येणारी अवकळा, दोन्ही पुष्कळ ओसरतात. तिसऱ्या अध्यायात तर देवांनी दिलेले त्यांना न अर्पिता भोगणाऱ्याला चोरच म्हटले आहे. आपल्या ताटातला भात कोणी पेरला, कोणी लावला, कोणी कांडला, हे न आठवता जेवणारा मनुष्य किती सभ्य दिसतो!

महालात पोहोचल्यावर सुदाम्याने काय केले, तेही पाहावे. त्याने ऐश्वर्य लाथाडले नाही. पत्नीसह तो तेथे राहिला, अनासक्तपणे उपभोग घेत राहिला. आणि मागणे मागितले ते एवढेच, की जन्मोजन्मी याच मित्राची मैत्री लाभावी. झोपडीत जे हवे होते तेच महालातही हवे होते.

गुरुवायूरच्या मंदिरात धनू महिन्याच्या पहिल्या बुधवारी कुचेलदिन पाळतात. त्या दिवशी भाविक श्रीकृष्णाला पोहे वाहतात. मोटारीतून उतरलेला काय आणि पायी आलेला काय, हातात पोहेच.