नकुलमातेचे बोलणे



भग्ग देशात सुंसुमारगिरी येथे नकुलपिता नावाचा गृहस्थ फार आजारी पडला. आपल्यामागे घराचे काय होईल, ही त्याच्या मनातली काळजी नकुलमातेने ओळखली आणि स्वतःच बोलून दाखविली. मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते. मुले पोसीन, घर चालवीन, असे तिने एकेक करून सांगितले. तो बरा झाला. पुढे काठी टेकीत तथागतांकडे गेला, तेव्हा त्यांनी अशी पत्नी लाभल्याबद्दल त्याला धन्य म्हटले.

आपल्या घरांतही आता साठी-सत्तरीची जोडपी आहेत. एकाला नावे आठवत नाहीत, तेच पुन्हा विचारले जाते, हिशेब चुकतो. तरी रोजचे व्यवहार चालतात. हे सौम्य विस्मरण म्हणजे वेड नव्हे. ते प्रत्येकाचे वाढतेच असेही नाही. थायरॉईड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, उदासीनता यांमुळेही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून आधी डॉक्टर. १९५६ साली नागपुरात जे टाकून दिले, ते गंडेदोरे मागच्या दाराने आत घेऊ नका. (शेजारीण करणी झाली म्हणाली, तर तिला चहा पाजा आणि वाटेला लावा.)

“कालच सांगितलं ना!” हे खरे असेल, पण सम्यक् वाचा केवळ खरी नसते, ती मृदू आणि हिताचीही असते. ज्याला काल आठवत नाही, त्याला या वाक्याचा काय उपयोग? पुन्हा सांगा. टीव्ही बंद करून, समोर बसून, एका वेळी एकच गोष्ट सांगा. शब्द अडला तर थांबा. पाहुण्यांसमोर “ओळखा पाहू हा कोण?” अशी परीक्षा घेऊ नका.

नवरा विसरला तर बायको झाकून घेते. बायको विसरली की “तुझं डोकं ठिकाणावर नाही”! सिगालोवाद सुत्तात पत्नीचा सन्मान करणे, अवमान न करणे आणि घराचा अधिकार तिच्या हाती देणे ही पतीची कर्तव्ये सांगितली आहेत. आमटीत दोनदा मीठ पडले म्हणून तिच्याकडच्या किल्ल्या काढून घेऊ नका.

परंतु झाकणेही पुरे नाही. नकुलमातेने काही झाकले नव्हते. पासबुक, घराचे कागद, पुढे कोणाकडे राहायचे, हे विसरणाऱ्याला स्वतःचे मत नीट सांगता येते तोवरच दोघांनी बसून बोला, वहीत लिहा. “तुम्हाला कशाची भीती वाटते?” हेही विचारा. आणि सांभाळणाऱ्याने “आज मी थकले” असे म्हणावे, त्यात पाप नाही. अशा वेळी शेजारच्या उपासकाने दोन तास त्यांच्याजवळ बसावे, तिला विहारात येऊ द्यावे.