कूर्मगतीचा आरोपी

माणूस मुळात न्यायाधीश असतो, आणि तोही पुरावा यायच्या आत निकाल देऊन मोकळा होणारा, अशी माझी अलीकडे खात्री झाली आहे. ही खात्री मला उपनिषदांनी दिली नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ नावाच्या संगणकावरच्या लढाईने दिली.

दर रविवारी रात्री आम्ही चौघे ती लढतो. मी, नाशिकचा पुतण्या, त्याचा एक मित्र आणि आमचे साडू. सुरुवातीला सगळे झकास चालते. पण तासाभराने प्रत्येकाची २०० माणसे झाली, म्हणजे एकूण ८०० गावकरी नि घोडेस्वार वाट शोधू लागले, की रखडपट्टी सुरू. सेकंदाला ६० चित्रे दिसायची, ती १२ वर येतात. घोडा टाच मारल्यावर थोडा विचार करून निघतो.

या खेळाची एक मेख आहे. १९९७ साली पहिला भाग आला तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून ठिबकत यायचे. शेकडो सैनिकांचा ठावठिकाणा क्षणोक्षणी कळवणे अशक्य. म्हणून एकमेकांना फक्त हुकूम कळवायचे आणि प्रत्येक संगणकाने तीच लढाई आपापल्या घरी तंतोतंत लढायची, अशी युक्ती काढली. दुसरा भागही त्याच वळणाचा. युक्ती नामी, पण त्यामुळे सगळ्यांना सर्वांत संथ यंत्राच्या पावलाने चालावे लागते. सहकुटुंब पर्वती चढण्यासारखेच. आजी दमली की सगळे थांबले.

आमच्यातली आजी कोण, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. साडूंचा संगणक दहा वर्षांचा. माझा तीनच वर्षांचा, शिवाय भारी ग्राफिक्स कार्डाचा. मीच पुतण्याला म्हणालो, “त्यांच्या मशीनला झेपत नाही रे.” तत्त्वज्ञानही तयार होते: एकापायी तिघांचा रविवार का नासवा? अधिकांचे अधिक सुख बघावे, असे बेंथॅमसाहेबांचेही म्हणणे होतेच. पुढच्या रविवारी आम्ही साडूंना कळवलेच नाही. मेव्हणी गेल्यापासून त्यांना रविवार रात्रीचे दुसरे काही नव्हते, हे बेंथॅमला ठाऊक नव्हते. मला होते.

खेळ तरीही रांगतच राहिला!

मग मी ग्राफिक्स कार्डावर घसरलो. दिवाळीत पुतण्या आला. म्हणाला, “काका, आधी तपासू, मग शिव्या देऊ.” त्याने चित्राचा आकार निम्म्यावर आणला. आकडा १२ चा १२. “कार्ड निर्दोष! काम कमी करूनही वेग वाढत नाही, म्हणजे ते बिचारं प्रोसेसरची वाट बघत बसलंय.” मग प्रोसेसरचा आलेख उघडला. आठ कोअर, एक घाम गाळतोय, बाकीचे सात जांभया देतायत. मी ज्या हापिसात एकतीस वर्षे काढली तिथलाच देखावा, त्यामुळे मला त्यात काही वावगे वाटले नाही. पुतण्याने तापमान बघितले: ९७ अंश. इतका ताप चढला की प्रोसेसर जीव वाचवायला आपण होऊन वेग कमी करतो म्हणे. ही अक्कल माणसाला का नाही, हा वेगळा लेख होईल.

डबा उघडला. पंख्याखाली धुळीची गोधडी, तिच्यावर उदबत्तीची राख. प्लगपॉइंट तिथेच होता म्हणून मी संगणक देवघराखाली ठेवला होता.

“म्हणजे तीन वर्षं त्याला धूप दाखवत होतात!” ही म्हणाली.

साफसफाईनंतर ताप ७१ वर उतरला. खेळ धावू लागला.

“काका,” पुतण्या हळूच म्हणाला, “ती आजी तुम्ही होतात.”

आता प्रश्न आला. खरे सांगावे, तर साडूंना आपण वगळलो गेलो होतो हे कळणार. न सांगता नुसतेच बोलवावे, तर गुन्हा माझा आणि डाग त्यांच्या यंत्रावर. दोन दिवस मी यावर विचार केला. म्हणजे फोन टाळला. शेवटी पुतण्यानेच नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

“अरे वा, चालू आहे होय खेळ?” साडू म्हणाले. “मला वाटलं बंद केलात. नाही, तेही बरंच झालं असतं. माझ्या डबड्यापायी तुमचा फार खोळंबा व्हायचा.”

“छे हो, छे,” मी म्हणालो, आणि पुढचे वाक्य जुळवू लागलो. समोर पुतण्या राखेने माखलेला ब्रश हातात धरून माझ्याकडे बघत उभा होता.