रुपयाचा भाव आणि दर्यापलीकडचं सोनं

दिवेआगर, बोर्ली पंचतन, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात आखातातल्या कमाईवर चालणारी घरं पुष्कळ. दिरहमला आज किती मिळतायत, हे तिथे आधी विचारलं जातं; दर चढायची चिन्हं दिसली तर पाठवणारा दोन दिवस थांबतो. रुपयाची किंमत बाजारात ठरते, हे या घरांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. देशाला मात्र ते पटायला फार वर्षं लागली.

इंग्रजी अमलात भांडण आकड्याचं होतं: रुपयाला 1 शिलिंग 4 पेन्स द्यायचे की 1 शिलिंग 6 पेन्स? 1923 साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी मुळालाच हात घातला. रुपयाची देशातली खरेदीशक्ती स्थिर नसेल, तर बाहेरचा दर सांभाळून काय साधणार? स्वातंत्र्यानंतरही दर ठरला तो सरकारी हुकमानेच, आणि त्या हुकमाची परीक्षा याच समुद्रावर झाली.

तेव्हा दुबई, बहरीन, कुवेतमध्ये आपलाच रुपया चालायचा. सोन्याचा सरकारी भाव तोळ्याला 62 रुपये 50 पैसे, मुंबईच्या बाजारात मात्र शंभरावर. एवढी तफावत असल्यावर गलबतं थांबतात थोडीच! चोरटं सोनं कोकणच्या किनाऱ्याला लागे आणि त्याच्या बदल्यात नोटा आखातात जात. तिथल्या बँका त्या रिझर्व्ह बँकेला परत करून स्टर्लिंग घेत आणि त्या स्टर्लिंगवर पुन्हा सोनं येई. म्हणजे चोरट्या सोन्याचे पैसे शेवटी आपल्याच गंगाजळीतून जात होते. हे थांबवायला 1959 मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या, रंग निराळा, क्रमांकाआधी ‘झेड’. 6 जून 1966 ला डॉलर 4.76 वरून 7.50 रुपयांवर गेला आणि तिकडच्या अमिरातींनीही रुपया सोडला.

सोनं मात्र येतच राहिलं. 1991 मध्ये गंगाजळी आटली, तेव्हा देशाचं सोनं गहाण टाकावं लागलं. पुढच्या वर्षी परतणाऱ्या अनिवासींना 5 किलोपर्यंत सोनं जकात भरून आणायची मुभा मिळाली आणि तस्करीतला नफा आटला. पण रात्री माल उतरवणाऱ्यांच्या वाटा मोडल्या नव्हत्या. फेब्रुवारी 1993 मध्ये दिवेआगरच्या दक्षिणेला, शेखाडीला, आरडीएक्स उतरलं. पुढच्याच महिन्यात मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांची जबाबदारी धोरणावर टाकता येणार नाही. पण या वाटा इतकी वर्षं पोसल्या त्या भावातल्या तफावतीनेच, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मार्च 1993 पासून दर बाजारावर सोपवला गेला. रुपया आजही पुरता मोकळा नाही; भांडवली व्यवहारांवर बंधनं आहेत, घसरण वेगाने होऊ लागली की रिझर्व्ह बँक डॉलर विकते. मला हे रास्त वाटतं. झटके सोसवेनासे होतात तिथे हात घालावा. पण एकच आकडा धरून बसलो की गंगाजळी कशी रिती होते, ते आपण पाहिलं आहे.