त्याग कोणी कोणाचा करावा?

राष्ट्राच्या कल्याणासाठी व्यक्तीने त्याग करावा, हे तत्त्व सर्व देशांतील नीतिकारांस मान्य आहे आणि आम्हांसही ते अमान्य नाही. परंतु या वाक्यातील क्रियापदाचा कर्ता कोण, इकडे जितके लक्ष पुरवावयास हवे तितके कोणी पुरवीत नाही. जो त्याग करतो आणि ज्याचा त्याग होतो, ते दोघे एकच असले म्हणजे त्या कृत्यास एक नाव शोभते. ते निराळे असले म्हणजे दुसरे. पहिल्यास मराठीत त्याग म्हणतात व दुसऱ्यास बळी. भाषेने इतका स्वच्छ राखलेला हा भेद राज्यकर्त्यांच्या भाषणांत मात्र पुसट होऊन जातो, आणि तोही बहुधा राज्यकर्ते दुष्ट असतात म्हणून नव्हे. उलट ते कर्तव्यदक्ष असतात म्हणूनच तो पुष्कळदा पुसला जातो, असे आम्हांस वाटते. या म्हणण्याची कसोटी पाहण्यास इजिप्तचे लष्करी अभियंते व पुढे त्या देशाचे वीजमंत्री झालेले मोहम्मद सिदकी सुलेमान (१९१९–१९९६) यांच्या कारकीर्दीइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

सुलेमान हे सैन्यातील अभियंता, हुद्द्याने कर्नल. १९६२ साली अध्यक्ष नासर यांनी त्यांना आस्वानच्या उंच धरणाचे मंत्री नेमले. एका धरणासाठी स्वतंत्र मंत्री, एवढ्यावरूनच त्या धरणास इजिप्तच्या राजकारणात काय स्थान होते ते ध्यानी येईल. अमेरिका व ब्रिटन यांनी या धरणासाठी देऊ केलेले साहाय्य जुलै १९५६ मध्ये मागे घेतले. त्याच महिन्याच्या २६ तारखेस नासर यांनी सुएझ कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला. त्यातून युद्ध उद्भवले. आणि अखेर रशियाच्या कर्जाने व तज्ज्ञांच्या मदतीने ९ जानेवारी १९६० रोजी कामास आरंभ झाला. धरण ही आता केवळ पाटबंधाऱ्याची बाब उरली नव्हती. ती एका राष्ट्राच्या स्वाभिमानाची बाब झाली होती. आणि हे स्वाभिमानाचे काम पहिली दोन वर्षे मागे पडत चालले होते.

नाईलचा ओघ मे १९६४ मध्ये नव्या कालव्यात वळविलाच पाहिजे, असे ठरले होते. ही मुदत कोणा अधिकाऱ्याने लहरीने घातलेली नव्हती. नाईलचा पूर उन्हाळा सरता सरता येतो. तो येण्यापूर्वी ओघ वळला नाही, तर सबंध वर्ष वाया जाणार होते. नदीशी वाद घालता येत नाही, तिला मुदत वाढवून मागता येत नाही. आणि अशा प्रतिपक्षाशी गाठ पडली असता लष्करी अभियंत्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. शत्रू पैलतीरी येण्यापूर्वी पूल उभा राहिला तर तो पूल, नंतर राहिला तर नुसते लाकूड, हेच ज्याने शिकलेले असते, त्यास काळाचे मोल निराळे शिकवावे लागत नाही. आस्वानच्या उन्हात, जेथे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर सहज जातो, तेथे हजारो मजूर रात्रंदिवस पाळ्यांनी खपले. १४ मे १९६४ रोजी नासर व ख्रुश्चेव्ह यांच्या समक्ष नाईलने आपला मार्ग बदलला. मुदत पाळली गेली.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९६६ मध्ये सुलेमान पंतप्रधान झाले. जून १९६७ च्या युद्धात इजिप्तचा पराभव झाला, सिनाईतील तेलाच्या विहिरी हातच्या गेल्या, कालवा बंद पडला. नासर यांनी पंतप्रधानपद स्वतःकडे घेतले आणि सुलेमान उपपंतप्रधान होऊन उद्योग, वीज व धरण ही खाती सांभाळू लागले. पंतप्रधानपदावरून खाली उतरून पुन्हा आपल्या कामावर रुजू होणे यात त्यांच्या स्वभावाची एक खूण आम्हांस दिसते. तेल व कालवा ही उत्पन्नाची दोन दारे मिटली, त्याच वर्षी आस्वानच्या पहिल्या जनित्रांनी वीज देण्यास प्रारंभ केला. १९७० साली बारांपैकी शेवटचे जनित्र चालू झाले. प्रत्येकी १७५ मेगावॉट, एकूण २,१०० मेगावॉट. काही काळ इजिप्तची निम्मी वीज या एका ठिकाणाहून येत असे. १११ मीटर उंचीचा आणि पायथ्याशी सुमारे एक किलोमीटर रुंदीचा हा बांध. त्यात भरलेले दगडमातीचे द्रव्य गीझाच्या थोरल्या पिरॅमिडच्या सतरापट आहे, असे सांगतात. शिस्त, चिकाटी व निरहंकार सेवा यांचे हे फळ होय, आणि त्याचा गौरव करण्यात आम्ही कोणाच्या मागे राहणार नाही.

आता चित्राची दुसरी बाजू पाहू. धरणामागे जे सरोवर साचले ते सुमारे ५०० किलोमीटर लांब आहे. त्याच्या तळाशी नुबिया हा देश आहे. देश हा शब्द आम्ही जाणून वापरतो. कारण तेथे स्वतंत्र भाषा होती, नाईलकडे तोंड करून बांधलेली ऐसपैस अंगणांची घरे होती, त्यांच्या भिंतींवर चित्रे काढून मध्ये चिनी मातीच्या बशा बसविण्याची रीत होती, खजुराची बने होती. इजिप्तच्या बाजूचे सुमारे ५०,००० नुबियन ऑक्टोबर १९६३ ते जून १९६४ या अवधीत उठवून आस्वानच्या उत्तरेस कोम ओम्बो येथे नेण्यात आले. सुदानच्या बाजूचे जवळजवळ तितकेच लोक खश्म अल गिर्बा येथे गेले. नवी घरे एका ओळीत, कुटुंबातील माणसे मोजून वाटलेली होती. त्यामुळे जुने शेजार मोडले आणि लहान घरात एकटी राहिलेली म्हातारी माणसे आपल्या लेकीसुनांपासून दूर पडली. नाईल, जी दारासमोर असे, ती काही किलोमीटर लांब गेली. पहिल्या वर्षी तान्ही मुले व वृद्ध पुष्कळ दगावले. हा घाव पहिला नव्हता. आस्वानचे जुने धरण १९०२ साली झाले, १९१२ व १९३३ मध्ये त्याची उंची वाढविली गेली. दर वेळी नुबियन खेडी चढावर सरकली, पुरुषमंडळी कैरो व अलेक्झांड्रियात आचारी व दारवान होऊन पैसे पाठवीत राहिली. मात्र तोवर परत येण्यास एक गाव तरी होते.

या दुःखाचा दोष सुलेमान यांच्या माथी मारावा काय? तसे करणे न्यायाचे होणार नाही. स्थलांतराचे काम त्यांच्या खात्याचे नव्हतेच. ते समाजकल्याण खात्याचे होते, आणि त्या खात्याच्या मंत्री हिकमत अबू झैद या इजिप्तच्या पहिल्या महिला मंत्री होत्या. परंतु खरी मेख येथेच आहे. एका खात्याने मुदतीत बांध घातला, दुसऱ्याने मुदतीत माणसे हलविली, तिसऱ्याने विजेच्या तारा ओढल्या. प्रत्येकाने आपापले कर्तव्य पार पाडले. आणि या साऱ्या कर्तव्यांची बेरीज करून ती आपल्या नावे मांडून घेणारा असा कोणी उरला नाही. सैन्यात ही विभागणी गुण ठरते. पूल बांधणाऱ्याने लढाई न्याय्य आहे की नाही याचा खल करीत बसावयाचे नसते. पण मंत्री हा पूल बांधणारा नव्हे. कोणता पूल बांधावा, कोणाच्या अंगणातून बांधावा, हे ठरविणाऱ्यांपैकी तो एक असतो. लष्करी अभियंता मंत्री होतो तेव्हा त्याचा गणवेश उतरतो, परंतु सवय उतरतेच असे नाही.

सेनापती माणसांस मृत्यूच्या तोंडी धाडतो आणि तरीही आपण त्यास खुनी म्हणत नाही, याची कारणे काय? सैनिकाने शपथ घेतलेली असते. ज्या घरासाठी तो लढतो त्यात त्याचेही घर असते. आणि चांगला सेनापती त्याच तोफांच्या टप्प्यात उभा असतो. नुबियन शेतकऱ्याच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट खरी नव्हती. त्याने शपथ घेतलेली नव्हती, त्याचे घर वाचणार नव्हते, आणि ज्यांनी आज्ञा दिली त्यांपैकी कोणाचेही अंगण बुडणार नव्हते. सेनापतीचा अधिकार त्याच्या अटींसह मंत्र्याकडे येत नाही. अटी मागे राहतात आणि अधिकार तेवढा पुढे येतो.

येथे व्यवहारी वाचक आम्हांस अडवील. तो म्हणेल, पन्नास हजारांच्या घरांसाठी कोट्यवधींनी अंधारात व दुष्काळात राहावे काय? हा आक्षेप हलका नाही. १९८० नंतरच्या दशकात आफ्रिकेत अवर्षण पडले, इथिओपिया व सुदान येथे दुर्भिक्षाने माणसे मेली; इजिप्त त्या सरोवराच्या साठ्यावर तरला. गाळ अडल्याने शेतास खते विकत घ्यावी लागतात, समुद्र मुखाशी जमीन खातो, हे सारे जमेस धरूनही धरण नको होते असे आम्ही म्हणत नाही. धरण हवे होते असेच आम्ही धरून चालतो. प्रश्न आहे तो त्यापुढचा: जे करणे आवश्यक होते, ते केल्याने ऋण उरत नाही काय?

आपल्याकडे कुलासाठी एकास, गावासाठी कुलास व देशासाठी गावास सोडावे, अशा आशयाचे जे महाभारतातील वचन आहे, ते अशा प्रसंगी हमखास पुढे केले जाते. पण ते कोणी कोणास सांगितले याचा विसर पडतो. विदुराने ते धृतराष्ट्रास सांगितले, आणि जो सोडावयाचा तो धृतराष्ट्राचा स्वतःचा पुत्र होता. जे देण्यास काळीज फाटेल, असे आपले देण्याविषयीचा तो उपदेश आहे. दुसऱ्याचे गाव बुडविण्याचा परवाना नव्हे. दधीचीच्या अस्थींनी देवांचे वज्र झाले खरे, पण देव प्रथम त्याच्या आश्रमात याचक होऊन गेले होते. मागण्यापूर्वी घेतले असते, तर वज्र तेच झाले असते. कथा मात्र निराळी झाली असती.

नुबियन लोक आडमुठे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. शाळा, दवाखाने मिळतील, राष्ट्राच्या कार्यास आपला हातभार लागेल, या आशेने कित्येकांनी मान डोलावली होती. त्यामुळे ऋण कमी होत नाही, वाढते. आणि आपण काय जपतो व काय जपत नाही, हेही त्याच वर्षांनी दाखवून दिले. अबू सिंबेलची देवालये वाचविण्यासाठी जग धावले. १९६४ ते १९६८ या काळात हजारांहून अधिक तुकड्यांत ती कापून, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालून, सुमारे ६५ मीटर उंच जागी ती जशीच्या तशी उभी केली गेली. उगवत्या सूर्याचा किरण वर्षातून दोनदा गाभाऱ्यात जातो, तो पुढेही जावा याची काळजी वाहिली गेली. ही काळजी योग्यच होती. परंतु कोणत्या घराशेजारी कोणते घर होते, ते तसेच मांडावे, इतका विचार माणसांच्या वाट्यास आला नाही.

सुलेमान यांच्याच काळात अभियांत्रिकी शिकलेला आणखी एक माणूस होता. हमझा अल दीन (१९२९–२००६) हा तोश्का गावचा नुबियन. रेल्वेत नोकरीस होता. आपला मुलूख बुडणार असे कळताच त्याने नोकरी सोडली आणि गाढवावर बसून गावोगाव फिरला. लोकांस सावध करी, त्यांची गाणी गोळा करी. पुढे ऊद व दफ या वाद्यांवर त्याने ती गाणी जगभर नेली. त्यास धरण थांबविता आले नाही. कदाचित थांबविता येण्याजोगे नव्हतेही. परंतु जे जमाखर्चाच्या वहीत कोणी मांडले नव्हते, ते त्याने मांडून ठेवले. राष्ट्रास दोन्ही अभियंत्यांची गरज असते. दुर्दैव एवढेच की, मंत्रिपद पहिल्यास मिळते.

२०१४ सालच्या इजिप्तच्या राज्यघटनेने नुबियनांस दहा वर्षांच्या आत त्यांच्या मूळ प्रदेशात परत वसविण्याचे वचन २३६ व्या कलमात दिले. त्याच वर्षी निघालेल्या एका फर्मानाने त्या प्रदेशाचा बराच भाग लष्करी क्षेत्र ठरला. २०२४ मध्ये मुदत सरली. वचन पुरे झाले नाही. ज्या राज्याने नाईल वळविण्याची मुदत एका दिवसाने चुकू दिली नाही, त्याच राज्याने माणसांस दिलेली मुदत मुकाट्याने सरू दिली. पहिली मुदत नदीने घातली होती आणि नदीच्या हाती पूर होता. दुसऱ्या मुदतीच्या पाठीशी केवळ न्याय होता.

तात्पर्य, राज्यकर्त्यास कधीकधी दुसऱ्याचे घर मागावे लागते हे खरे. पण मग त्याने ते मागावे, घेऊन त्यास त्याग म्हणू नये. लाभाचा पहिला वाटा गमावणाऱ्याच्या दारी पोचवावा. आणि कार्य तडीस गेले म्हणजे ऋण फिटले असे न मानता, ते आपल्याच नावे मांडलेले ठेवून फेडीत राहावे. हे पथ्य न पाळणारा मंत्री अप्रामाणिक ठरतो असे नाही. तो कर्तबगार असेल, निःस्पृह असेल, त्याने बांधलेला बांध शतकभर टिकेल. पण त्या बांधामागच्या पाण्याखाली जे गेले ते राष्ट्राने दिले, असे म्हणण्याचा अधिकार त्यास पोचत नाही. ते दुसऱ्याकडून घेतलेले होते आणि ते परत करणे अद्याप राहिले आहे.