सोबत्याचा नकार

मेजाभोंवतीं चार-पांच जणांनीं बसून खेळावयाच्या एका खेळांत नीतिशास्त्राचा जुना प्रश्न नव्या वेषांत उभा राहतो, असें म्हटल्यास कांहीं वाचकांस तो अतिप्रसंग वाटेल. परंतु १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून तो प्रश्न तेथें आहे. प्रत्येक खेळाडू एकेका वीराची भूमिका घेऊन आपला वीर काय करतो तें बोलून सांगतो. सूत्रधार उरलेलें सर्व जग चालवितो. संशयाच्या जागीं फांसे निकाल देतात. या उरलेल्या जगांतच वीरांबरोबर चालणारीं कांहीं पात्रें असतात: भाडोत्री भालाईत, मशालजी, एखादा निष्ठावंत अनुचर. त्यांच्यामागें खेळाडू नसतो. त्यांचें बोलणें, लढणें, मरणें सूत्रधाराच्या हातीं.

अशा सोबत्यास बळ किती द्यावें? तो वीरांहून प्रबळ झाला तर खेळाडू नुसते प्रेक्षक होतात. अगदींच दुबळा केला तर त्याचें ओझें होतें. म्हणून वीराहून थोडा उणा ठेवावा, असें व्यवहारी उत्तर दिलें जातें. तें चूक नाहीं, अपुरें आहे. सूत्रधाराचा सोबती तरवारीपेक्षां ज्ञानानें अधिक भारी होतो. कोणत्या दाराआड काय दडलें आहे हें ज्यास ठाऊक, त्यानेंच सोबत्याच्या मुखानें सल्ला द्यावा व त्याचा निकालही त्यानेंच लावावा, हा न्यायाधीशानें वकिली करण्याचा प्रकार होय.

हा पेंच महाभारतकारांस चांगला ठाऊक होता. सर्व जाणणारा सोबती अर्जुनाच्या रथावर बसविला, तो निःशस्त्र. भीष्मपर्वांत अर्जुन हात राखून लढतो हें पाहून श्रीकृष्ण स्वतःच भीष्मावर धांवून जातो, तेव्हां अर्जुन त्याचे पाय धरून त्यास थांबवितो. त्यानें कृष्णाची प्रतिज्ञा राहिली हें खरेंच. पण मला वाटतें, त्या क्षणीं भीष्म कृष्णाच्या हातून पडता तर पुढलें युद्ध पांडवांचें राहिलें नसतें.

येथवर झाली ती खेळाडूंची बाजू. सोबत्याचीही एक बाजू आहे, आणि तिचा विचार क्वचितच होतो. भुयारांत सांपळा आहे कीं नाहीं हें पाहावयास मशालजीस पुढें लोटतात. कारण तो मेला तरी मेजावरून कोणी उठून जात नाहीं. मनुष्यास केवळ साधन मानूं नये, असें कान्टनें सांगितलें. मशालजी मनुष्य नाहीं, कल्पना आहे; कल्पनेवर अन्याय होत नाहीं, हा आक्षेप मला मान्य आहे. हानि होते ती वीराची. तो उदार आहे असें खेळाडू म्हणतो. पण त्या औदार्याची कसोटी लागावी असा परका जीवच त्या जगांत उरत नाहीं.

जुन्या नियमांत यावर एक तोड होती. टॉम मोल्डव्हे यानें संपादिलेल्या १९८१ च्या प्राथमिक आवृत्तींत सामान्य आकर्षकतेच्या वीरास चारच अनुचर ठेवतां येत आणि त्यांच्या धैर्याचा आंकडा सात असे. अपेक्षेबाहेरचें संकट आलें, किंवा मोहीम संपली, कीं दोन फांसे टाकावयाचे. बेरीज आंकड्याहून अधिक आली कीं अनुचराचें धैर्य खचलें. मोहिमेअखेर खचलें तर त्या वीराची चाकरी तो पुन्हां करीत नसे. वीरानें त्यास कसें वागविलें, हेंही सूत्रधार हिशेबांत धरी. हा नकार खेळाडूंच्या मर्जीचा नव्हता, आणि, मला याचें मोल अधिक वाटतें, सूत्रधाराच्याही मर्जीचा नव्हता.

२०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या ग्रंथांत योद्धा, कुशल व मंत्रज्ञ असे सोबत्यांचे तीन वर्ग आहेत. ते वीरांबरोबर पायरीपायरीनें वाढतात. बळाचा मेळ सुरेख बसविला आहे. फांशाचा नकार मात्र त्या प्रकरणांत नाहीं. मला तो जुना मशालजीच बरा वाटतो. भुयाराच्या तोंडाशीं फांशांवर नऊ पडतात, तो मशाल खालीं ठेवून गांवाच्या वाटेस लागतो. आणि आतां ती कोणीं उचलावयाची, म्हणून चौघे वीर एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात.